कऱ्हाडच्या ‘ऱ्ह’साठी त्रिशूर आणि कोलकाता

आमच्या गटाला नाव नाही. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तकही नाही. महिन्यातल्या एका रविवारी कऱ्हाडातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आम्ही बसतो. कुणाचा जुना लॅपटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवर, आणायचा असतो, कुणाचा प्रिंटर ओळखला जात नसतो, कुणाला नुसतं बघायचं असतं. इंजिनिअरिंगची पोरं असतात, वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत, हायस्कूलच्या एक बाई आहेत. आणि मी. माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांच्या पावत्या. प्रोग्रामिंग मला येत नाही, अक्षर कळतं.

मुक्त सॉफ्टवेअरसाठी, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, राबणाऱ्या अशा गटांनी एकमेकांशी कसं जोडून घ्यावं, यावर मी बरीच चर्चा ऐकली आहे. बहुतेक वेळा सूर एकच असतो: पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सगळ्यांचा मिळून एक महासंघ करू या. मला ते पटत नाही, आणि का ते आज सविस्तर लिहायचं आहे. घटना कोण लिहिणार, बँकेत खातं कुणाच्या नावावर, बोधचिन्ह कुठलं, यातच माणसांची उमेद संपते. स्वयंसेवकाकडे देण्यासारखा एक रविवार असतो. तो पदाधिकारी निवडण्यात जाऊ नये. एखादं नेमकं, अडलेलं काम दोघांनी दोन बाजूंनी धरलं की गट आपोआप जोडले जातात. आमच्या बाबतीत ते काम म्हणजे आमच्या गावाच्या नावातलं एक अक्षर.

कऱ्हाड. पाट्यांवर बहुतेक ठिकाणी कराड असतं, पण जुन्या घरांना पत्रिकेत ‘मु. पो. कऱ्हाड’च लागतं. मराठीत र अर्धा झाला आणि पुढे य किंवा ह आला, की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो वर जातो, रफार होतो: सूर्य, दर्या, आचार्य. नाहीतर आडवा होऊन पुढच्या अक्षराला डावीकडून चिकटतो: दऱ्या, कुऱ्हाड, वाऱ्यावर, आचाऱ्याला. दर्या समुद्राचा, दऱ्या सह्याद्रीतल्या. हिंदीला हा फरक लागत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून ज्यांनी फॉन्ट केले, त्यांच्या हातून हा आडवा र सुटत गेला. लग्नसराईत तर प्रत्येक पत्रिकेत ‘सोयऱ्यांसह’, ‘दुसऱ्या मजल्यावर’, ‘कऱ्हाड’ हे शब्द येणारच. एका ठिकाणी ऱ फुटला तरी मुलीचे वडील प्रूफ परत पाठवतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. साध्या र चा ०९३०. ऱ, मग हलन्त, मग य असं लिहिलं की आडवा र यायला हवा, असा नियम आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो. पण युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतली दुसरी रीतही अजून ग्राह्य आहे: साधा र, हलन्त, त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. त्या चिन्हाला आम्ही बोलताना नुसतं ‘जॉइनर’ म्हणतो. डोळ्यांना दोन्ही ‘दुसऱ्या’ सारखेच दिसतात. मशीनच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे साध्या शोधात एक सापडतो आणि दुसरा राहून जातो. शिवाय मजकूर साफ करण्याच्या नावाखाली कुठल्या तरी प्रणालीनं न दिसणारी चिन्हं उडवली, की ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. तो ‘दुसर्या’ आपण सगळ्यांनी मराठी वेबसाइटांवर वाचलेला आहे.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही, हे मला पुण्यातल्या एका कार्यशाळेत कळलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या पिशवीतली प्रूफं बाहेर आली होती. शेजारी बसलेल्या कोलकात्याच्या दीदींनी लाल पेनानं गोल केलेला ऱ्य बघितला आणि म्हणाल्या, हे तर आमच्याकडेही आहे. बंगालीत ‘रॅली’, ‘रॅम’ असे शब्द र ला य-फला (जोडाक्षरातला य) लावून लिहितात. तिथेही तोच जॉइनर मध्ये असतो. तो गळला की र वर उडी मारतो आणि ‘सूर्य’मधल्यासारखा रफार होऊन बसतो. समोर त्रिशूरचे एक सर होते. त्यांनी मल्याळममधल्या चिल्लू अक्षरांचं सांगितलं. स्वर नसलेलं, बहुधा शब्दाच्या शेवटी येणारं व्यंजन म्हणजे चिल्लू. ‘अवन्’ म्हणजे ‘तो’. पण चिल्लूच्या जागी साधा हलन्तवाला न आला तर तेच ‘अवनु’, म्हणजे ‘त्याला’, असं वाचलं जातं. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत चिल्लूंना स्वतंत्र क्रमांक मिळाले. त्याआधी तेही जॉइनरनंच लिहायचे. सिंहलीत तर देशाच्या नावातला ‘श्री’सुद्धा जॉइनरशिवाय जुळत नाही, अशी भर कुणीतरी घातली.

तेव्हा आमचं जेवण थंड झालं आणि पुढचं सत्र बुडालं.

आधीच्या काळात काय चालायचं हे जुन्या मंडळींकडून ऐकलं आहे. प्रत्येक भाषेच्या लोकांनी आपापला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, केला, आपापली सीडी काढली. त्यात कष्ट प्रचंड होते आणि त्या लोकांबद्दल मला आदर आहे. त्यांनी सुरुवात केली नसती तर आज लिनक्सवर मराठी दिसलीच नसती. पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा तेव्हा एक नव्हती. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपसाठी पँगो, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपसाठी क्यूटी, ओपनऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरसाठी आयसीयू. म्हणजे ऱ ची एकच चूक तीन ठिकाणी, तीन वेगळ्या लोकांना समजावून सांगायची. आणि घरी ठेवलेल्या पॅचचं काय होतं हे आम्ही कऱ्हाडातही पाहिलं आहे. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तो पुन्हा लावायला माणूस लागतो. त्या माणसाला पुण्यात नोकरी लागली की काम तिथेच थांबतं.

हार्फबझ आल्यावर चित्र बदललं. बेहदाद एस्फाहबोद यांच्या पुढाकारानं ही अक्षरजुळणीची यंत्रणा वाढली आणि २०१२च्या सुमारास तिच्यातला भारतीय लिप्यांचा भाग नव्यानं लिहिला गेला. तो तपासायला या लिप्यांतले लाखो शब्द वापरले: देवनागरीचे सात लाखांहून जास्त, बंगालीचे साडेतीन लाखांहून जास्त. प्रत्येक शब्द मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून आणि या नव्या यंत्रणेतून काढायचा आणि दोन्हींचा निकाल ताडून बघायचा. ओपनऑफिसमधून निघालेल्या लिबरऑफिसनं लिनक्सवर २०१३ साली हार्फबझ घेतलं, २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळे तेच वापरतात. एका जागी दुरुस्ती झाली की ती कऱ्हाडच्या छापखान्यापासून ढाक्याच्या मोबाइलपर्यंत पोचते.

फॉन्टांतही असंच झालं. रेड हॅट या लिनक्स कंपनीनं २००४ साली लोहित फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले. सुरुवातीला लोहित हिंदी वेगळा, लोहित मराठी वेगळा, कोकणी आणि नेपाळी वेगळे. पुढे ते सगळे मिळून एक लोहित देवनागरी झाला. मराठीचा ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा निराळं, नेपाळीचा झ निराळा. मजकुराची भाषा मराठी असं सांगितलं की त्याच फॉन्टातून मराठी वळण येतं. मला ही व्यवस्था फार आवडते. घर एक झालं आणि कुणाला आपला ल सोडावा लागला नाही.

तर त्या जेवणानंतर आम्ही एक तक्ता सुरू केला. कऱ्हाड, कोलकाता, त्रिशूर, पुढे ढाक्याचे आणि काठमांडूचे लोकही आले. एका ओळीत एक शब्द: तो कुठल्या अक्षरक्रमानं लिहिला, कसा दिसायला हवा त्याचं चित्र, कुठल्या फॉन्टात, कुठल्या आवृत्तीत तपासला, काय दिसलं. बाकी काही नाही. आणि एक नियम ठरला. तो दीदींनी सुचवला आणि आमच्या सगळ्या कामाचा जीव त्यात आहे: शब्द आपल्या भाषेचा माणूस तपासेल, पण बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, नोंदवण्याआधी त्याचा मसुदा दुसऱ्या भाषेच्या माणसानं वाचायचा. मराठीचा बग त्रिशूरनं वाचायचा, मल्याळमचा कोलकात्यानं, बंगालीचा आम्ही. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला काय बिघडलंय हे कळलं, तर कॅनडात किंवा जर्मनीत बसलेल्या मेंटेनरला, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यालाही, कळेल.

एक उदाहरण जवळून दाखवते. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्यानं मसुदा पाठवला: ‘मराठी शब्द चुकीचे दिसतात, कृपया लवकर दुरुस्त करा.’ सोबत स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्रिशूरच्या सरांनी शांतपणे प्रश्न विचारले. फोटोतल्या दोनपैकी बरोबर कुठलं? मला दोन्ही सारखेच सुंदर दिसतात. अक्षरं कुठल्या क्रमानं लिहिली आहेत, ऱ आहे की र आणि जॉइनर? फॉन्ट कुठला, आवृत्ती कुठली? साध्या वळणात होतं की फक्त ठळक वळणात? दुसऱ्या फॉन्टात होतं का?

पोरगा आधी वैतागला. मराठी येत नसलेल्या माणसानं मराठीच्या बगला पाच प्रश्न विचारायचे म्हणजे काय! पण बसला. हार्फबझबरोबर एचबी-शेप नावाची एक छोटी आज्ञा मिळते. तिला फॉन्टची फाइल आणि शब्द दिला की शब्दाच्या कुठल्या आकृत्या निवडल्या गेल्या ते ती ओळीनं सांगते. ‘ऱ्ह’ दिल्यावर साध्या वळणात दोन आकृत्या आल्या: आडवा र आणि ह. ठळक वळणात तीन आल्या: ऱ, उघडा हलन्त, ह. म्हणजे लिबरऑफिसचा दोष नव्हता, हार्फबझचाही नव्हता. फॉन्ट करणाऱ्यांनी अर्धरूपांच्या यादीत ही जोडी साध्या वळणासाठी लिहिली होती, ठळक वळणात ती राहून गेली होती.

नवा मसुदा असा झाला: फॉन्टची आवृत्ती अमुक, फक्त ठळक वळण. अक्षरक्रम ०९३१, हलन्त, ह. अपेक्षित आकृत्या दोन, येतात तीन. साध्या वळणात बरोबर. सोबत दोन चित्रं, एकावर हिरवी चौकट, दुसऱ्यावर लाल. हा बग फॉन्टच्या मूळ प्रकल्पाकडे गेला आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होऊन आला. पहिला मसुदा गेला असता तर तो लिबरऑफिसकडे गेला असता, आणि ‘आमच्याकडचं नाही’ म्हणून बंद झाला असता. तोच पोरगा आता बंगालीचे मसुदे वाचतो. बंगाली त्याला अजून येत नाही, आणि प्रश्न विचारण्यात तो सरांपेक्षा कडक आहे.

मतभेद झाले नाहीत असं नाही. सगळ्यात मोठा वाद आमच्याच बाजूनं निघाला. आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं की जॉइनरची कटकट कायमची मिटवायला आडव्या र साठी युनिकोडकडे स्वतंत्र क्रमांक मागावा, मल्याळमला चिल्लूंसाठी मिळाला तसा. त्रिशूरच्या सरांनी त्याला ठाम विरोध केला. चिल्लूंच्या वेळी स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग या मुक्त सॉफ्टवेअर गटाच्या लोकांनी नव्या क्रमांकांना विरोध केला होता, आणि त्याचं कारण त्यांनी समजावून सांगितलं. नवा क्रमांक आला म्हणून जुना मजकूर नाहीसा होत नाही. एकाच शब्दाची दोन रूपं मशीनमध्ये कायमची राहतात, आणि शोध, वर्णक्रम, शुद्धलेखन तपासणी, सगळ्यांना दोन्ही सांभाळावी लागतात. मराठीत अशी दोन रूपं आधीच आहेत, तिसरं कशाला? हे मला पूर्ण पटलं. आम्ही ती मागणी सोडली आणि उलट दिशेनं काम धरलं: जिथे जिथे कळफलक र आणि जॉइनर टाकतो तिथे ऱ यावा, आणि शोधताना दोन्ही रूपं एक धरावीत. एका भाषेनं वीस वर्षं सोसलेलं दुसरीला एका संध्याकाळी मिळालं, ही माझ्या मते या सगळ्या खटाटोपाची सर्वात मोठी कमाई.

प्रत्येक गाव वेगळं काहीतरी घेऊन येतं. केरळात सरकारी शाळांमध्ये मुलं ग्नू-लिनक्सवर शिकतात, त्यामुळे तिथे माणसं भरपूर. २०२३च्या सप्टेंबरात डेबियन या लिनक्स प्रणालीची जागतिक परिषद कोचीला भरली ती उगाच नाही. पुण्यात या क्षेत्रात नोकरी करणारे अभियंते आहेत, आणि सिम्बायोसिसमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ग्नूनिफायसारख्या मुक्त सॉफ्टवेअर मेळाव्यांतून तयार झालेली एक पिढी. बंगालीवाल्यांकडे दोन देश आहेत, म्हणजे दोन प्रकारचे वापरणारे. आमच्याकडे छापखाना आहे. पडद्यावर जे खपून जातं ते ऑफसेटच्या प्लेटवर उघडं पडतं, म्हणून छपाईची तपासणी आमच्याकडे येते. काठमांडूचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे आणि ढाक्याचं अर्धा तास, त्यामुळे ऑनलाइन बैठकीची वेळ नेहमी तीन तऱ्हेनं लिहावी लागते. एवढं सोडलं तर व्यवस्थापन म्हणून काही नाही. पैसे लागत नाहीत, आणि लागले तर ज्याच्या गावात कार्यक्रम त्यानं बघायचं.

गेल्या काही महिन्यांत कामाचा रेटा वाढला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ न चालणारी मशीनं घेऊन लोक आमच्या रविवारी यायला लागले. टायपिंगची कामं करणारे, झेरॉक्सवाले, लहान छापखाने. युरोपात याच कारणासाठी केडीईच्या पुढाकारानं ‘एंड ऑफ १०’ मोहीम निघाली. मार्टीन पोस्टमा यांनी २००९ साली ॲमस्टरडॅमला सुरू केलेली रिपेअर कॅफेची पद्धत तिकडे बरीच रुजली आहे. टोस्टर, सायकली दुरुस्त करणारी ती मंडळी आणि लिनक्सचे गट एका यादीत आले. कुणी कुणात विलीन झालं नाही. तुमच्या गावात मदत कुठे मिळेल, एवढंच त्या यादीत आहे. हे वाचून मला आमचा तक्ताच आठवला.

आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो: यात मराठी नीट उमटतं का? त्या वेळी मी काही बोलत नाही. ‘कऱ्हाड’, ‘ऱ्हास’, ‘चौऱ्याऐंशी’ एवढे शब्द ठळक वळणात छापून त्यांच्या हातात कागद देते. झेरॉक्सवाले काका तो कागद उन्हात धरून बघतात आणि मशीन ठेवून जातात.

तक्त्यात अजून बरंच राहिलं आहे. कोकणीचे शब्द फारच कमी आहेत. गोव्यातून देवनागरी कोकणी लिहिणारं कुणी दोन तास देऊ शकलं तर हवं आहे. अहिराणी आणि मालवणीत आडवा र कुठे कुठे येतो त्याची यादी हवी. जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये बदललेल्या फाइली कुणाकडे असतील तर त्यांचे नमुने पाठवा, कारण त्या बदलात ऱ सर्वात जास्त बिघडतो आणि त्याची नोंद आमच्याकडे नीट झालेली नाही. प्रोग्रामिंग यायची गरज नाही. फक्त मसुदा पाठवलात, तर त्रिशूरहून पाच प्रश्न येतील. त्यांची उत्तरं द्यायची तयारी ठेवा.